चोवीस मेची पाहुणी

"एवढ्या फुलदाण्या कशाला काढल्यात, बाई?"

"लागतील. मागच्या वर्षी कमी पडल्या होत्या."

मागच्या वर्षी मी त्याच घरात, त्याच टेबलाशी बसलेलो होतो. फुलदाण्या कमी पडल्या नव्हत्या. फुलं आलीच नव्हती. हे मला ठाऊक आहे हे दोंकाबाईंनाही ठाऊक होतं, आणि तरी त्या माझ्या डोळ्यांत बघून ते वाक्य बोलल्या. माणूस खोटं कसं बोलतो यावरून मी त्याची पत ठरवतो. नजर चुकवून बोलणारा किरकोळ. रोखून बघत बोलणारा मोठा आसामी. त्या हिशेबाने दोंकाबाई फारच मोठ्या.

ही ईशान्य बल्गेरियातली गोष्ट, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. तिथल्या एका औषध कारखान्याकडून आमची कंपनी कच्चा माल घ्यायची. माल नीट भरला जातो की नाही हे बघायला मला तिथे नेमलं होतं. काम म्हणजे मोजायचं, पुन्हा मोजायचं आणि कुणावर विश्वास ठेवायचा नाही. मला ते मानवत होतं. राहायला दोंकाबाईंच्या घराची वरची खोली. त्या निवृत्त शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगा जर्मनीत. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला 'बाई' म्हणतात असं मी सांगितल्यावर त्यांनी ते आनंदाने पत्करलं. पण त्यांच्या भाषेत 'बाय' म्हणजे गावातला वडीलधारा पुरुष, त्यामुळे मी अंगणातून हाक मारली की शेजारी हसायचे. बाईंना शेजाऱ्यांची पर्वा नव्हती. त्या मला भालचो म्हणायच्या. भालचंद्र त्यांच्या जिभेला जड जायचं, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरीही जडच जायचं.

चोवीस मे हा त्यांच्याकडे अक्षरांचा सण. अकराशे वर्षांमागे किरिल आणि मेतोदी नावाच्या दोन भावांनी स्लाव लोकांच्या बोलीला लिपी दिली. चर्चने दोघांना संत केलं आणि देशाने त्यांच्या नावाची सुटी ठेवली. लढायांच्या सुट्या जगात पुष्कळ पाहिल्या, अक्षरांची मी तेवढीच पाहिली. त्या दिवशी शाळेतली मुलं संतांच्या तसबिरीला ताज्या फुलांचा हार घालून मिरवणूक काढतात, पुढे बँड असतो, आणि दुपारी जुने विद्यार्थी आपापल्या शिक्षकांकडे फुलं घेऊन जातात. आपली गुरुपौर्णिमाच म्हणा, पाया पडणं वजा करून.

समोरच्या घरात वेल्का नावाच्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. चिडक्या, तिरसट, मुलांना फूटपट्टीने मारत असत अशी ख्याती. मागच्या चोवीस मेला त्यांच्या दाराची घंटा दिवसभर वाजत होती. दोंकाबाई पडद्याआडून बघत होत्या आणि मी दोंकाबाईंकडे. एवढी मायाळू बाई, उरलेल्या भाकरीचे तुकडे भिजवून मांजरांना घालणारी, हिच्याकडे कुत्रंही का फिरकू नये? जमेच्या बाजूला इतकं दिसत असताना शिल्लक शून्य येते, म्हणजे कुठेतरी काहीतरी लिहायचं राहिलंय. पण मी मालाचा हिशेबनीस, माणसांचा नव्हे. मी ठरवलं की या वर्षी निदान एक पाहुणा आपण आणून बसवायचा.

पाहुणी शोधायला लांब जावं लागलं नाही. कारखान्यात माझी दुभाषी होती नुर्तेन. वय पंचविशीचं, तुर्की घरातली, इंग्रजी चोख. माझं बोलणं ती बल्गेरियनमध्ये करायची आणि त्यांचं इंग्रजीत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कारखान्याच्या मुकादमाने एकदा मला शिवी दिली तीही तिने जशीच्या तशी इंग्रजीत माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास बसला.

"चोवीस मेला काय करतेस?" मी विचारलं.

"झोपते."

"माझ्या घरमालकिणीकडे जेवायला ये. शिक्षिका होती बिचारी. तिच्याकडे कुणी येत नाही."

"मी येऊन काय करू?"

"भाषांतर. माझी बल्गेरियन कांदे घेण्यापुरती. बाई बोलतात आणि मी मान हलवतो. तुमच्याकडे मान हलवायचा अर्थ आमच्या उलटा. दीड वर्षात मी त्यांना कशाकशाला होकार दिलाय देव जाणे."

हे मी वाढवून सांगितलं; बाईंचं साधं बोलणं मला एव्हाना कळायचं. ती हसली. "कुठे शिकवायच्या?"

मी गावाचं नाव सांगितलं. रानाच्या कडेचं तुर्की वस्तीचं गाव, कारखान्यापासून तासाभरावर.

"नाव काय त्यांचं?"

तेही सांगितलं. तिने हातातल्या पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"येते," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी दोंकाबाई निळा सूट घालून, छातीवर पितळी पिन लावून फाटकाशी उभ्या राहिल्या. मिरवणूक आमच्याच रस्त्याने जायची. आधी बँड, मग पांढऱ्या सदऱ्यांतली मुलं, आणि त्यांच्या पुढे एक मुलगा व एक मुलगी दोन्हीकडून तसबीर धरून. बोजूरच्या तांबड्या फुलांचा हार, इतका जाड की संतांच्या नुसत्या दाढ्या दिसत होत्या.

"मुलीचा हात खाली येतोय," दोंकाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कोपर बरगडीला लावायचं असतं. तसं केलं की हात दुखत नाही. कुणी शिकवत नाही आता."

"तुम्ही शिकवायचात?"

"महिनाभर आधीपासून."

दुपारी नुर्तेन आली. रिकाम्या हाताने. फाटक वाजल्याबरोबर दोंकाबाई धावत गेल्या होत्या, आणि त्यांची नजर आधी तिच्या हातांवर गेली, मग तोंडावर. मला वाईट वाटलं. निदान चार फुलं आण असं मी तिला सांगायला हवं होतं.

"नाव काय बाळ तुझं?"

"नुर्तेन."

"सुंदर नाव," दोंकाबाई म्हणाल्या. "बस, बस. बानित्सा गरम आहे."

बानित्सा म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाकरी म्हणा, नाहीतर सुरळी म्हणा. मी शाकाहारी असल्याने दीड वर्ष मुख्यतः तिच्यावरच जगलो. टेबलावर चेरी होत्या, गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरांबा होता, आणि मधोमध पाणी भरलेल्या त्या फुलदाण्या. भिंतीवर त्याच दोन संतांची छोटी तसबीर, दोंकाबाईंची स्वतःची, तिला त्यांनी पहाटे उठून हार केला होता.

जेवण काही रंगेना. नुर्तेन बशीतल्या तुकड्याचे पापुद्रे एकेक करून सोडवत होती. समोर वेल्काबाईंची घंटा वाजायची, कुणीतरी मोठ्याने अभीष्टचिंतन करायचं, आणि दोंकाबाई तेवढ्यापुरत्या जरा मोठ्या आवाजात "अजून घे" म्हणायच्या. घंटा वाजली की बानित्सा वाढली जायची. माझ्या बशीत तीन तुकडे साचले.

"तुमच्याकडे शिक्षकाला मान असतो का रे?" दोंकाबाईंनी विचारलं. नुर्तेनने ते इंग्रजीत केलं, खरं तर गरज नव्हती.

मला तेवढंच निमित्त पुरे होतं. माझे वडील, अप्पा, जतजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची एक गोष्ट आमच्या घरात लग्नाकार्याला, पाहुणे जमले की ठरलेली. अप्पा सांगायचे आणि ते दमले की मी सांगायचो. मला वाटलं, शिक्षिकेचा सण आहे, शिक्षकाची गंमत सांगावी. मी सुरू केलं. नुर्तेन वाक्यामागून वाक्य बल्गेरियनमध्ये करत गेली.

"आमच्या गावाबाहेर वडारांची वस्ती होती. दगड फोडणारी माणसं. त्यांची मुलं शाळेत येत नसत. अप्पा स्वतः वस्तीवर जाऊन त्यांना धरून आणायचे."

"भला माणूस," दोंकाबाई म्हणाल्या.

"त्या लोकांची नावं कशी, तर दगड्या, धोंड्या, उकिरड्या. अप्पा म्हणायचे, असल्या नावाचा पोरगा उद्या साहेब झाला तर पाटीवर काय लिहायचं? म्हणून शाळेत नाव घालतानाच ते नवीन, झोकदार नाव लावून टाकायचे. माझ्या वर्गातल्या एकाचं त्यांनी ठेवलं पुरुषोत्तम. म्हणजे पुरुषांत उत्तम. एवढंसं पोरगं, नाक गळतंय, आणि नाव पुरुषोत्तम."

दोंकाबाईंच्या ओठांवर हसू डोकावलं. नुर्तेन खाली बघून भाषांतर करत होती.

"एकदा शाळेच्या नाटकात त्याचं काम होतं आणि तो आलाच नाही. अप्पांनी मला वस्तीवर पिटाळलं. मी जाऊन विचारतो, पुरुषोत्तम कुठाय? कुणाला पत्ता नाही. एक बाई दगड फोडत बसली होती. ती म्हणाली, हितं कोन पुरुषोत्तम न्हाई बाबा, देवळात बग."

हे वाक्य आलं की आमच्या घरात पाहुणे हसायला लागतात. दोंकाबाईही हसल्या. मी थांबलो, कारण खरी मजा पुढे असते आणि तिला श्वास द्यावा लागतो.

"तेवढ्यात तिच्या पदराआडून ते पोरगं पुढे आलं आणि म्हणालं, आये, म्याच की त्यो."

नुर्तेनने ते लगेच केलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. शब्द अडला असेल असं वाटून मी इंग्रजीत सोपं करून पुन्हा सांगितलं.

"समजलंय मला," ती म्हणाली, आणि मग दोंकाबाईंकडे वळून, त्यांच्या भाषेत, अगदी सावकाश: "आई, तो मीच आहे."

दोंकाबाई खूप हसल्या. रुमालाने डोळे टिपले. वर्षभरात त्या इतक्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, आणि गोष्ट वसूल झाली म्हणून मी खुशीत मागे रेलून बसलो.

"त्याचं आधीचं नाव काय होतं?" नुर्तेनने मला विचारलं.

"कुणाचं?"

"त्या मुलाचं."

"असंच काहीतरी. धोंड्या वगैरे."

"असंच, की तेच?"

मी आठवायला लागलो. ही गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली असेल. नाक गळत होतं हे आठवत होतं, पदर आठवत होता, बाईच्या हातातला हातोडा आठवत होता. नाव कुठेच नव्हतं.

"नाही आठवत," मी म्हणालो. "त्याला काय एवढं?"

तिने हेही भाषांतर केलं, 'त्याला काय एवढं'सकट. मग त्याच आवाजात पुढे ती एक वाक्य बोलली जे मी बोललेलो नव्हतो. तेवढं समजण्याइतकी बल्गेरियन मला येत होती.

"आणि तुम्हाला आठवतं का, द्रुगार्को?"

द्रुगार्को म्हणजे कॉम्रेड-बाई. जुन्या राजवटीत शाळेतली मुलं शिक्षिकेला अशी हाक मारत. राजवट जाऊन दहा वर्षं होत आली होती आणि शब्दही तिच्याबरोबर गेला होता. नवी मुलं तो वापरत नसत. तो फक्त त्या काळात वर्गात बसलेल्यालाच येणार.

दोंकाबाईंचा रुमाल डोळ्यांपाशीच राहिला. त्यांनी नुर्तेनचं तोंड निरखलं. मी मालाची गोणी फोडून नमुना बघतो तसं नव्हे. घाबरत घाबरत.

"शेगडीजवळचा बाक," त्या म्हणाल्या.

"खिडकीजवळचा. शेगडीजवळ मेहमेद बसायचा."

मला त्या देशाचा इतिहास कारखान्यातल्या गप्पांमधून तुकड्यातुकड्याने कळलेला होता. एका हिवाळ्यात तिथल्या सरकारने तुर्की माणसांना फर्मान काढलं की आपली नावं टाका आणि बल्गेरियन नावं घ्या. लाखो माणसं. पोलीस गावं वेढायचे आणि माणसांना रांगेत उभं करून नावं बदलायचे. पाचेक वर्षांनी, एका उन्हाळ्यात, लाखोंना सीमेपलीकडे तुर्कस्तानात हाकललं; त्याच वर्षी ते सरकार कोसळलं, नावं परत मिळाली आणि पुष्कळजण परतले. हे सगळं मी ऐकलं होतं. ते शाळेच्या वर्गात कसं घडलं असेल, कुणाच्या तोंडून घडलं असेल, याचा मी विचार केला नव्हता.

पुढचं सगळं त्या दोघी बल्गेरियनमध्ये बोलल्या. आणि नुर्तेनने माझी दुभाषी असणं सोडलं नाही. स्वतः बोलायची आणि मग मला इंग्रजीत सांगायची. दोंकाबाईंचं ऐकायची आणि तेही सांगायची, 'त्या म्हणतात' असं न लावता. त्यामुळे दोघींचाही 'मी' तिच्याच तोंडून येत होता.

"बाकीच्यांना पंचायतीतल्या कारकुनाने समोर येईल ते नाव दिलं," दोंकाबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी मी स्वतः गेले. त्याच्याशी भांडले. नादेझ्दा. म्हणजे आशा. मला मुलगी झाली असती तर मी तेच ठेवणार होते."

"छान नाव होतं," नुर्तेन म्हणाली. "माझं नव्हतं."

"मग मी काय करायचं होतं? तू सांग. निरीक्षक यायचा. मागे उभा राहायचा."

"चोवीस मेला पण होता?"

दोंकाबाईंनी मुरांब्याची बशी उगाच सरळ केली.

"वर्गात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं," नुर्तेन मला म्हणाली. "म्हणून मिरवणुकीत तसबीर धरायला मला निवडलं होतं. महिनाभर चित्रकलेची फळी धरून सराव केला. कोपर बरगडीला लावून. पटांगणात सगळं गाव जमलेलं. आजी कुंपणाबाहेर उभी होती, मला बघायला. मग यांनी पुकारलं, नादेझ्दा. मी हलले नाही. पुन्हा पुकारलं. आजी शेजारच्या बाईला विचारत होती, कोण ही नादेझ्दा, पुढे का येत नाही? मला ऐकू येत होतं. मी पाऊल टाकलं असतं तर तिला कळलं असतं ना, ती कोण ते."

तिने चेरीच्या बशीतला एक देठ उचलून बाजूला ठेवला.

"तुमच्या गोष्टीतल्या मुलाला जमलं. आई, तो मीच. मला जमलं नाही. तसबीर वर्गातल्या रुमेनला दिली."

समोर वेल्काबाईंची घंटा वाजली. या वेळी दोंकाबाईंनी काही वाढलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या, आणि का वळल्या ते मला दिसत होतं. त्यांना साक्षीदार सापडला होता.

"सांग तिला, भालचो. तुझे वडील वाईट माणूस होते का? मुलाच्या भल्यासाठीच केलं ना? जगभर शिक्षक करतात. तो मुलगा आता कुठे आहे?"

नुर्तेनने चोख भाषांतर केलं.

"तलाठी आहे," मी म्हणालो. "सरकारी नोकरी. दर गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन अप्पांच्या पाया पडायला येतो."

"बघ," दोंकाबाई नुर्तेनला म्हणाल्या. त्या 'बघ'मध्ये इतकी आशा होती की मला बशीत तोंड खुपसावंसं वाटलं. "बघ, येतो तो. फुलं घेऊन येतो."

"नारळ," नुर्तेनने दुरुस्त केलं. मग मला: "त्याला कधी विचारलंय?"

"काय?"

"काहीही. त्याबद्दल."

पुरुषोत्तम आला की अप्पा ही गोष्ट त्याच्यासमोरच सांगत. तो दाराजवळच्या खुर्चीत, अगदी टोकाशी बसून हसायचा. सगळ्यांच्या आधी हसायला सुरुवात करायचा. मी ते नेहमी त्याच्या जमेच्या बाजूला मांडलं होतं, की बघा, किती खिलाडू. त्या टेबलाशी बसून मला त्याचं ते घाईचं हसणं दिसायला लागलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

"नाही विचारलं," मी म्हणालो.

दोंकाबाईंना भाषांतर लागलं नाही. माझं तोंड बघून त्यांना कळलं की साक्षीदार फिरला. त्या जराशा सावरून बसल्या, जणू वर्गात आहेत अशा, आणि म्हणाल्या, "मला आठवतात. याला नाही आठवत, मला आठवतात. सगळी." आणि त्या म्हणू लागल्या. मेहमेद. सेवजान. आयतेन. दोघे इस्माइल, एक काळा, एक गोरा. रेमझी, ज्याला पाढे येत नसत. ऐशे. बाकांच्या क्रमाने जात असाव्यात, कारण त्यांची नजर खोलीत ओळीओळीने सरकत होती. खिडकीपाशी आली तेव्हा थांबली. "नुर्तेन," त्या म्हणाल्या. "एकही विसरले नाही मी. रोज म्हणते. चौदा वर्षं."

मला वाटलं, झालं. आता ही उठेल, ती उठेल, कुणीतरी रडेल आणि खातं बंद होईल. मला खाती बंद झालेली आवडतात.

नुर्तेनने मांडीवरचा रुमाल उचलून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी पटांगणात पण आठवत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात. सरकारने सांगितलं आणि तुमच्या डोक्यातून ती नावं गेलीच, असं मी धरून चालले होते. म्हातारी बाई, घाबरली, विसरली. त्यामुळे मला तुमचा राग येत नव्हता." तिने रुमालाची घडी घातली. "बरं झालं आले ते."

ती उठली. दोंकाबाईही उठल्या आणि काय करावं ते न सुचून बानित्साचे तुकडे कागदात बांधू लागल्या. हातांना काम लागलं की त्या जरा स्थिर व्हायच्या.

"आजीला दे," त्या म्हणाल्या. "म्हातारीला आवडायची माझी बानित्सा. वाढदिवसाला पाठवायचे मी."

"आजी गेली. त्या उन्हाळ्यात आम्हाला सीमेपलीकडे घालवलं ना, तेव्हा. तिकडेच पुरलंय." नुर्तेनने पुढे घातलं, "कबरीवर तिचं नाव बरोबर आहे."

पुडकं मात्र तिने घेतलं. दोंकाबाईंना थँक्यू म्हणाली, मला उद्या आठ वाजता गोदामात भेटू म्हणाली. मी खिडकीतून बघत होतो. शेजारी दोंकाबाईही. फाटकाबाहेर जाऊन तिने ते पुडकं दगडी खांबावर ठेवलं, हळूच, कडेला जाऊन पडू नये असं आत सरकवून, आणि गेली. समोरून वेल्काबाईंकडचे दोन बाप्ये मोठमोठे गुच्छ घेऊन येत होते. त्यांनी तिला वाट दिली.

मी टेबल आवरायला लागलो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बाई, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार." त्या अजून खिडकीशीच होत्या. "फोन कर."

"कुणाला?"

"वडिलांना. त्या मुलाचं नाव विचार."

"आत्ता?"

"आत्ता. तू लहान होतास, तू विसरलास. शिक्षक विसरत नाही. त्यांना आठवत असेल बघ." आणि मग, माझ्या हातातली बशी काढून घेत, "मला ऐकायचंय."

तेव्हा कुठे मला कळलं की त्यांना काय हवंय. फुलं घेऊन येणारं कुणी नाही हे त्यांनी आता मान्य केलं होतं. त्यांना निदान सोबत हवी होती. दुसऱ्या देशातला, दुसऱ्या भाषेतला का होईना, रोज नावं म्हणणारा एक म्हातारा.

फोन त्यांच्या पलंगाशेजारी होता. नंबर लागायला वेळ लागला. घरी संध्याकाळ झालेली, अप्पा फिरून आलेले होते.

"अप्पा, एक विचारायचं होतं. पुरुषोत्तमचं आधीचं नाव काय हो?"

"कोण पुरुषोत्तम?"

"आपला. तलाठी."

"हां, तो," अप्पा हसले. सत्तरी उलटली तरी आवाज वर्गातला होता. "अरे परवाच येऊन गेला. मुलीचं लग्न काढलंय. काय रे, तिकडे कुणाला देवळातली गोष्ट सांगितलीस वाटतं?"

"हो. नाव काय होतं त्याचं?"

"होतं काहीतरी. दगड्या म्हण, धोंड्या म्हण. जन्मतारीखसुद्धा मीच घातली त्याची, एक जून. त्यांना कुठे काय माहीत असतं."

"तसं नको. खरं काय होतं ते आठवा ना."

"कशाला हवंय तुला?" मागून आई काय विचारतोय असं म्हणाली. "पुरुषोत्तमचं आधीचं नाव विचारतोय," अप्पांनी सांगितलं. "आधीचं कसलं?" असं आई म्हणालेली मला इकडे ऐकू आलं.

दोंकाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, माझ्या तोंडाकडे बघत. मराठीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्या एका शब्दाची वाट बघत होत्या, जो कुठल्याही भाषेत नाव म्हणून ओळखू आला असता.

अप्पांनी आठवायला घेतलं. मला ते फोनमध्ये कळत होतं, कारण ते कधी गप्प बसत नसत आणि आता बसले होते. "त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली होती," ते म्हणाले. "माझ्या टेबलासमोर उभी केली मी. वही उघडली. वर बघितलं..." पुन्हा थांबले. एवढा वेळ की लाइन तुटली असं मला वाटलं.

"अप्पा?"

"मी विचारलंच नव्हतं रे बहुतेक," अप्पा म्हणाले.

"काय सांगतात?" दोंकाबाईंनी विचारलं.

मला जेवढी बल्गेरियन येत होती तेवढी मी जमवली. "नाव माहीत नाही," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं नव्हतं."

दोंकाबाईंनी ते ऐकून घेतलं. मग त्या गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या आणि दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "सुखी माणूस आहे तुझा बाप."

"काय म्हणतायत रे त्या बाई?" अप्पांनी फोनवर विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "नमस्कार सांगतायत तुम्हाला."